मागची डावी बाजू

१

त्याला सगळे कानसेन म्हणायचे. गाणारा तानसेन, ऐकणारा कानसेन. हा मात्र गाणं सोडून इंजिनं ऐकायचा. रस्त्यावरून गाडी गेली की हातातला पाना न ठेवता म्हणायचा, "हिचा तिसरा व्हॉल्व्ह गेलाय." बहुतेक वेळा ते खरं निघायचं. नाही निघालं तर गाडी खोटं बोलतेय म्हणायचा.

वय त्रेचाळीस. गॅरेज एकट्याचं. बायको डोंगरावरच्या दवाखान्यात प्रसूतीच्या वॉर्डात नर्स होती. तिला सगळे सिस्टर म्हणत, आणि ऐकून ऐकून हाही तिला सिस्टरच म्हणायला लागला होता. नवरा बायकोला सिस्टर म्हणतो, यावर लोक हसून हसून शेवटी दमले.

त्या दिवशी सकाळी गॅरेजच्या दारात एक जुनी, चार दारांची, गोल पाठीची गाडी येऊन थांबली. रंग फिकट हिरवा. आवाजावरूनच त्याने ओळखलं, अकराशे सीसी, मूळ कंपनीचं इंजिन, थकलेलं पण इमानी. गाडीतून बाई उतरल्या. बाई म्हणजे त्याच्या शाळेतल्या, भूगोलाच्या. सदुसष्ट वर्षांच्या, काडीसारख्या, ताठ. कानसेनने हातातला सिगारेटचा तुकडा चटकन पायाखाली चिरडला. बाई समोर आल्या की तो अजूनही चौथीत जायचा.

"इंजिन मोठं बसव," बाई म्हणाल्या. "मागचे पाटे बदल. शॉकअपही नवे घाल."

"बाई, इतकी जुनी गाडी आहे, जशी आहे तशीच शोभते. इंजिन बदललं की तिचं जुनेपण जातं."

"जुनेपण माझ्याकडे पुष्कळ आहे. मला चढ चढणारी गाडी हवी."

"कुठला चढ?"

"दवाखान्याचा. मध्ये न थांबता, आणि मागे माणसं बसलेली असताना."

"किती माणसं धरू?"

बाईंनी मागच्या खिडकीकडे पाहिलं. "एक माझ्यासारखी काडी. आणि एक जरा जड."

त्याने तसं लिहून घेतलं. बाईंनी मुदत दिली सहा आठवड्यांची. त्यापुढे एक दिवसही चालणार नाही म्हणाल्या. "आणि हे बघ, मागची सीट काढायची वेळ आली तर आधी मला कळव."

जाताना त्यांनी मागचं डावं दार थोडंसं उघडलं, वाकून आत काहीतरी हळू आवाजात सांगितलं आणि दार आपटू न देता अलगद लावलं. म्हातारी माणसं गाड्यांशी बोलतात, हे कानसेनला नवीन नव्हतं. तो स्वतः तर बोलायचाच, वर शिव्याही द्यायचा.

२

कुठलंही मोठं काम हातात घेण्याआधी तो गाडीचं वजन करायचा. बंद पडलेल्या एका गोदामातून त्याने चार सपाट काटे आणले होते. चार चाकांखाली चार काटे ठेवायचे, चार सुया वाचायच्या, आकडे फळ्यावर खडूने लिहायचे. कुठल्या चाकावर किती भार येतो ते कळलं की पाटे, म्हणजे चाकांवरचा भार पेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, कसे घ्यायचे ते ठरतं.

हिरव्या गाडीचे आकडे लिहून त्याने बेरीज केली. मग गाडीचं माहितीपुस्तक काढलं. मग पुन्हा बेरीज केली. गाडी असायला हवी त्यापेक्षा सहासष्ट किलोने जड होती, आणि तो सगळा भार मागच्या डाव्या बाजूला होता.

डिकीत काही नव्हतं. सीटखाली एक गंजकी नाणं आणि एक रंगीत खडू, एवढंच. पत्र्यात कुणी शिसं ओतलंय का म्हणून त्याने हातोडीने ठोकून पाहिलं; पत्रा पोकळ वाजला. काट्याला दोष द्यावा म्हणून मागचे दोन्ही काटे अदलाबदल केले. भार जागचा हलला नाही. जमीन कलली असेल म्हणून नळीत पाणी भरून पातळी धरली. जमीन सरळ होती.

"पाटा बसलाय डावीकडचा," तो स्वतःशीच म्हणाला. पण पाटा बसला तर गाडी कलते, तिचं वजन वाढत नाही. हे त्यालाही कळत होतं. तरी त्याने फळ्यावर '६६ जास्त, बघू' असं लिहिलं आणि कामाला लागला.

कामाचा पहिला आठवडा गेला. त्याने चेनकप्पी लावून जुनं इंजिन उचललं. ते पुढून बाहेर आलं तशी गाडी नाक वर करून उभी राहिली. मागून मात्र एक आवाज आला. सीटमधल्या स्प्रिंगांचा, छोटासा. आपण बसलेले असताना कुणी बाकडं हलवलं की आपण जसे सावरून बसतो, तसा.

कानसेन थांबला. चेनकप्पीला टांगलेलं इंजिन हवेत हळूहळू फिरत होतं. त्याने कान दिला. पत्र्याचं छप्पर उन्हाने तडतडत होतं, बाकी काही नाही.

३

नवं इंजिन अठराशे सीसीचं. त्याच कंपनीच्या नंतरच्या गाडीतलं, मागून चेचलेल्या पण पुढून शाबूत अशा एका गाडीतून काढलेलं. एक इंजिन काढून दुसरं ठेवलं की झालं, असं लोकांना वाटतं. पण लहान चपलेत मोठा पाय घालण्याइतकंच ते सोपं असतं. त्याने इंजिन ज्यावर बसतं ते आधार कापून नवे जोडले, गिअरबॉक्स मावावा म्हणून मधला पत्रा कापून फुगवला, मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट तीन बोटं आखूड केला. रेडिएटर दुप्पट जाडीचा घेतला. पुढे डिस्क ब्रेक घातले. इंजिनाचा वाढलेला भार पेलायला पुढच्या स्प्रिंगा कडक घेतल्या.

प्रत्येक टप्प्यानंतर तो वजन करी, आणि काढलेल्या-घातलेल्या भागांचा हिशेब वजा करून जे उरायचं ते फळ्यावर लिही. दर सोमवारी एक आकडा. सहासष्ट. सहासष्ट पूर्णांक चार. सदुसष्ट. पुन्हा सदुसष्ट. काटे खराब झालेत अशी त्याने मनाची समजूत घातली. मग स्वतः काट्यावर उभा राहिला. त्याचं वजन नेहमीइतकंच भरलं.

चौथ्या आठवड्यात मागच्या डाव्या पाट्यांचे वरचे बोल्ट निघेनात. ते आतून धरायला सीट काढावी लागणार होती. बाईंनी कळव म्हटलं होतं, पण एवढ्याशा कामासाठी त्यांना कुठे बोलवायचं? त्याने दार उघडलं, सीटच्या कडा सैल केल्या आणि ओढली. सीट येईना. भिजलेल्या गादीसारखी जड. "अरे, ये ना," तो वैतागून म्हणाला, आणि ती एकदम हलकी झाली. इतकी की तो सीटसकट मागे जमिनीवर आपटला.

उठून त्याने आधी चाकांखालच्या काट्यांच्या सुया पाहिल्या. जास्तीचा भार गेला होता. नव्या भागांचा आणि कोरड्या सीटचा हिशेब धरला तर पुस्तकातल्या आकड्याला आकडा जुळत होता. त्याला हसू फुटलं. म्हणजे सीटच पाणी पिऊन बसली होती! त्याने सीट उचलून एका काट्यावर, चाकाशेजारी ठेवली आणि सुई किती सरकली ते पाहिलं.

चौदा किलो.

चौदाच. जेवढी असायला हवी तेवढी.

मग उरलेले किलो कुठे गेले, असा प्रश्न त्याच्या डोक्यात यायला आणि भिंतीकडचं बाकडं करकरायला एकच गाठ पडली. त्या बाकड्याची मधली फळी पातळ होती. कुणी बसलं की वाकायची. आता ती वाकलेली होती. बाकड्यावर कुणी नव्हतं. पान्यांचा डबा एका कडेला ठेवलेला होता, आणि फळीच्या उताराने तो हळूहळू मधल्या खळग्याकडे सरकत होता. मध्येच कशाला तरी टेकल्यासारखा थांबला.

कानसेनने बोल्ट काढले नाहीत. सीट परत जागेवर बसवली, कडा घट्ट केल्या, दार उघडंच ठेवलं आणि बाजूला झाला. आपण दार उघडं का ठेवलं हे त्याला त्या वेळी कळलं नाही. पाठ फिरवून तो नळाखाली हात धूत राहिला. बाकड्याची फळी वर आल्याचा आवाज झाला. मग बराच वेळ काही नाही. मग मागे गाडी हळूच खाली बसली.

४

दुसऱ्या दिवशी सिस्टर कामावर जाता जाता त्याचा डबा द्यायला आली. डबा ठेवून ती फळ्यासमोर थांबली आणि सवयीने आकडे वाचू लागली.

"ही कोण रे? कुणाची सून वगैरे आहे का?"

"कोण?"

"ही, जिची वजनं लिहिलीस ती. छान वाढ आहे. आठवड्याला अर्धा-पाव किलो, जशी हवी तशी." तिने खाली बोट फिरवलं. "आणि हे शेवटचे दोन आकडे सारखेच आहेत. म्हणजे दिवस भरत आले. शेवटी शेवटी वजन वाढायचं थांबतं. तिला म्हणावं बॅग भरून ठेव."

कानसेनने हातातला पाना खाली ठेवला.

"ते गाडीचं आहे," तो म्हणाला.

"गाडीचं?" सिस्टरने हिरव्या गाडीकडे पाहिलं, फळ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "कानसेन, जेवण वेळेवर करत जा. डोकं हलकं होतं उपाशी माणसाचं." आणि ती बस पकडायला गेली.

तो दिवसभर डाव्या बाजूला गेला नाही. उजवीकडचे पाटे मात्र पूर्ण करून टाकले.

५

संध्याकाळी ऊन असतानाच तो बाईंच्या घरी गेला. काम होणार नाही असं सांगायचं पक्कं करून गेला होता. बाई घराला लागून असलेल्या गाडीच्या खोलीत झाडत होत्या. गाडी नसल्यामुळे खोली उघडी-बोडकी दिसत होती, आणि डाव्या भिंतीवर काय आहे ते पहिल्यांदा त्याच्या नजरेला पडलं.

पेन्सिलीच्या आडव्या रेघा. एकाखाली एक. मागच्या चाकाच्या कमानीइतक्या उंचीवर पहिली, तिच्यापुढे आकडा पाच. तिच्या केसभर खाली दुसरी, सहा. मग सात, आठ. दारामागे लोक मुलांची उंची लिहितात, ती वर वर जाते. ही खाली येत होती, गाडी दरवर्षी थोडी खचावी तशी. शेवटची रेघ पस्तीसची.

त्याला बाईंची छोटी लेक आठवली. वर्गात शेवटच्या बाकावर पाय लोंबकळत ठेवून बसायची आणि नकाशातले समुद्र लाल रंगवायची. मग एकदा बाई महिनाभर शाळेत आल्या नाहीत, आणि आल्या तेव्हा एकट्याच आल्या.

"तू सीट काढलीस ना?" बाई झाडता झाडता म्हणाल्या.

"चुकलं, बाई."

"बस."

त्या उंबऱ्यावर बसल्या, तो पायरीवर.

"ताप होता तिला," बाई सांगू लागल्या. नद्यांचा धडा शिकवायच्या त्याच आवाजात. "चौथ्या दिवशी श्वास लागायला लागला म्हणून दवाखान्यात निघालो. तिसऱ्या वळणावर पाणी उकळलं. गाडी बंद. आमचे हे पाणी आणायला खाली ओढ्यावर गेले. मी मागे, डावीकडे, तिला मांडीवर घेऊन. इंजिन थंड व्हायला चाळीस मिनिटं लागली. तिला तेवढी लागली नाहीत."

कानसेन भिंतीवरच्या रेघांकडे पाहत राहिला.

"पुढे गाडी विकायला काढली. एक गिऱ्हाईक आलं, म्हणालं, मागून एका बाजूला बसलीय ही. मी पाहिलं, तर खरंच. पहिल्या वर्षी वाटलं आपल्याला वेड लागलं. दुसऱ्या वर्षी मोजलं. मग नाही विकली."

"बाई, पण आता... सिस्टर म्हणते की... ते वजन..."

"कळतंय मला. मी आई आहे."

"पण हे कसं? कोण...?"

"मला काय माहीत रे?" बाई म्हणाल्या. "पस्तिशीची मुलगी. आईला सगळं कुठे सांगतात मुली? आणि मी काही चोवीस तास पहारा देत नाही." मग त्या हसल्या. नातवंडाची वाट पाहणारी कुठलीही बाई हसेल तशा, थोड्या लाजून. आत्तापर्यंत पाहिलेल्या सगळ्यापेक्षा कानसेनला त्या हसण्याची भीती जास्त वाटली.

तो उठला. नाही म्हणायला आला होता, ते तोंडातच राहिलं. रस्त्याने जाताना तो स्वतःशी वाद घालत होता. समजा, काहीच नाही. सगळा बाईंचा भ्रम, तोच आपल्यालाही लागलाय. मग काय होईल? एका म्हातारीची गाडी नीट चढ चढेल. त्यात काय वाईट? आणि समजा, आहे. मग तर ती चढलीच पाहिजे.

६

पाचव्या आठवड्यात बाईंना बोलावून त्याने सीट काढली आणि डावीकडच्या पाट्यांत एक पट्टी जास्त घातली. शॉकअप तपासून तपासून मऊ घेतले. कडक असते तर प्रत्येक खड्डा अंगात गेला असता. कुणाच्या अंगात, हा विचार तो पुरा करत नव्हता. पण ग्राइंडर लावण्याआधी आता तो गाडीचं दार लावून घ्यायचा, आणि हातोडा मारण्याआधी सांगायचा, "जरा आवाज होणार आहे हं." शिव्या देणं त्याने आपोआप बंद केलं होतं.

एकदा दुपारी मागची काच आतून धुरकटलेली दिसली, तळहाताएवढीच. त्याने ती बाहेरून पुसली. मग मागच्या दाराची काच थोडी खाली करून दिली. वारा आत येऊ दे म्हणून.

मुदतीला चार दिवस उरले होते. नव्या इंजिनाने गॅरेजमध्ये तासभर धूर काढला होता, पण रस्ता अजून पाहिला नव्हता. त्या सकाळी तो ब्रेकच्या नळ्यांमधली हवा काढत गाडीखाली आडवा झाला होता. मागची सीट करकरली. मोठ्याने, लांबलचक. डोक्यावरचे पाटे दबले, थरथरले आणि हळूहळू वर आले.

तो निपचित पडून राहिला. भिंतीवरचं घड्याळ दिसत होतं. अकरा मिनिटांनी पुन्हा तेच. मग नऊ. इंजिनाचे ठोके मोजायची सवय असलेला माणूस; मोजायचं नाही म्हटलं तरी मोजलं जात होतं. आठ. सात.

ब्रेकच्या नळीचा नट घट्ट आवळून तो गाडीखालून सरपटत बाहेर आला आणि त्याने दवाखान्यात फोन लावला.

"सिस्टर, सात मिनिटांवर आलंय."

"काय सात मिनिटांवर आलंय? कोण आहे?"

"घेऊन येतो."

"अरे, पण कुणाला?"

त्याने फोन ठेवला. बाईंना कळवायला वळला, तर बाई दारातच उभ्या होत्या. हातात पिशवी, पिशवीत मऊ, जुन्या, धुवट कापडांच्या घड्या. त्यांना कुणी कळवलं नव्हतं.

"झाली का रे गाडी?" बाईंनी विचारलं. त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

"झाली म्हणायची," कानसेन म्हणाला. बोनेट आपटून त्याने किल्ली फिरवली.

७

बाई मागे, उजवीकडे बसल्या. निघण्याआधी कानसेनने आरसा वर छताकडे फिरवून ठेवला.

इंजिन सुंदर होतं. दुसऱ्या कुठल्याही दिवशी त्याने ते ऐकून डोळे मिटले असते. जुन्या इंजिनाने पहिल्याच चढाला मान टाकली असती. हे नुसतं घसा खाकरून वर निघालं. पाटे रस्त्यातले खड्डे आतल्या आत गिळत होते. मागे बाई पुटपुटत होत्या, "श्वास घे, सोड. आता आलंच. श्वास घे." दर चार-पाच मिनिटांनी पुढच्या सलग सीटची पाठ मागे ओढली जाई. ती उपटून येईल अशी कानसेनला भीती वाटावी इतक्या जोराने. मग सुटे. तो गिअर बदलत राहिला. मानेवरून घाम ओघळत होता.

पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्या वळणावर रस्ता खणला होता.

एक माणूस लाल निशाण धरून आडवा उभा होता. वरून मालमोटारींची रांग उतरत होती. कानसेनने ब्रेक दाबला. गाडी थांबली, तिथेच, डोंगराच्या त्याच कुशीत. एकाच जागी धडधडताना नव्या रेडिएटरला वारा मिळेना. तापमानाचा काटा उठू लागला. अर्धा. पाऊण.

"का थांबलास?" बाईंचा आवाज मागून आला. तो भूगोलाच्या बाईंचा नव्हता, एकतीस वर्षांपूर्वीच्या कुठल्या तरी बाईचा होता. "का थांबलास रे? थांबू नकोस ना. थांबू नकोस."

त्याने हॉर्न दाबून धरला. निशाणवाला चिडून आला. "ओ साहेब, दिसत नाही का? दहा मिनिटं लागतील!" काटा लाल पट्टीला टेकला. "तुम्हाला एकट्यालाच घाई आहे काय?" म्हणत निशाणवाला मागे गेला आणि डाव्या खिडकीशी वाकला.

तो तसाच वाकलेला राहिला. चेहऱ्यावरचा राग उतरला, आणि त्याच्या जागी घाबरलेली, ओशाळलेली अशी एक कळवळ आली. दुसऱ्याच क्षणी तो दोन्ही हात वर करून मालमोटारींसमोर धावला. "थांबवा रे! मागे घ्या! गाडीत बाईला कळा येताहेत, सोडा ह्यांना आधी!"

कानसेनने गिअर टाकला. गाडी मोकळी झाली, वारा रेडिएटरला लागला, काटा थरथरत खाली आला. तिसरं वळण मागे पडलं. मागे बाई रडत होत्या.

८

दवाखान्याच्या दारात बाईंनी मागचं डावं दार उघडलं आणि हात पुढे केला. गाडी एका बाजूने वर आली, हळूहळू, दोन टप्प्यांत. जड माणूस आधी पाय खाली सोडतो, मग उठतो, तशी. बाई कुणाच्या तरी कमरेला हात घालून चालाव्या तशा वाकून, पावलापावलाला थांबत आत गेल्या. दारातल्या शिपायाने काही विचारलं नाही. फक्त दाराची दुसरी झडपही उघडून दिली.

कानसेन गाडीतच बसला. आत जायची त्याची हिंमत नव्हती आणि निघून जायचीही. इंजिन थंड होताना टिकटिकत होतं. तास गेला. दुसरा गेला. त्याने स्वतःला समजावलं की आत सिस्टर आहे, तिच्यासारखी शहाणी बाई एका म्हातारीला पाणी पाजेल, शांत करेल, हळूच परत पाठवेल.

सिस्टर बाहेर आली तेव्हा उन्हं कलायला लागली होती. बाह्या कोपरापर्यंत वर, हात ओले. ती गाडीला टेकून उभी राहिली.

"बाईंना शेवटच्या खोलीत नेलं," शेवटी ती म्हणाली. "रंगकामासाठी रिकामी केली होती ती. म्हटलं, जरा बसू देत, मग घरी सोडायला सांगू कुणाला तरी. चादर घालायला मी पलंगावर वाकले."

"मग?"

"मग मी दार लावून घेतलं आणि जे करतात ते केलं."

तिने कपाळावरचे केस मागे सारले, तेव्हा तिचं मनगट कानसेनला दिसलं. त्यावर चार बोटांचे लाल-निळे वळ होते, आणि आतल्या बाजूला एक अंगठ्याचा. कळा सोसणारी बाई जे हाताला लागेल ते धरते, हे त्याला सिस्टरनेच कधी तरी सांगितलं होतं.

"सिस्टर, तू काय पाहिलंस?"

"पाहिलं काही नाही. विचारू नकोस." मग स्वतःच, "पण हाताला कळतं रे. बावीस वर्षं झाली या हातांना." तिने आपले ओले तळहात पाहिले, एकाखाली एक, मधे काही धरल्यासारखे. "मुलगी झाली."

दारातून बाई येत होत्या. पाठ ताठ, केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. पिशवीतली एक मऊ घडी उलगडून त्यांनी दोन्ही हातांत, छातीशी धरली होती. कापड रिकामं दिसत होतं. पण लोंबत नव्हतं.

सिस्टर पुढे झाली आणि तिने मागची दोन्ही दारं उघडली. कानसेनने समोर पाहत स्टीअरिंग घट्ट धरलं. आधी डावी बाजू खाली बसली, सकाळपेक्षा बरीच कमी. मग बाई बसल्या. मग दारं लागली, एक एक करून, अलगद.

त्याने किल्ली फिरवली. सिस्टर त्याच्या खिडकीशी आली. वर्षानुवर्षं नातेवाइकांना दवाखान्याच्या दारात जे सांगत आली, ते तिने त्याच थकलेल्या, मायेच्या आवाजात त्यालाही सांगितलं.

"हळू ने हं. ओली बाळंतीण आहे."